वेल्डिंग शिकताना हातमोजे कसे निवडायचे आणि हात कसे जपायचे

नुकतंच वेल्ड केलेलं लोखंड काळं पडलं की ते निवलं, असं नवशिक्याला वाटतं. पण नेहमीच्या उजेडात लोखंडाची लाली दिसेनाशी होते तेव्हाही ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथून हात लावण्याजोगं व्हायला जाडीप्रमाणे पाच मिनिटं लागतात, जाड प्लेट असेल तर अर्धा तासही जातो. शिकणाऱ्याचा हात आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, चालू असताना कमीच भाजतो. तो भाजतो आर्क थांबल्यावर, काच वर करून जॉब, म्हणजे वेल्ड केलेली वस्तू, जरा फिरवून बघायला गेलं की.

दुसरा गैरसमज हातमोज्यांबद्दलचा. चामड्याचा जाड मोजा घातला म्हणजे तापलेला जॉब खुशाल उचलावा, असं अनेकांना वाटतं. वेल्डिंगच्या हातमोज्यांसाठी ईएन १२४७७ हे युरोपीय मानक आहे. तापलेल्या वस्तूला टेकल्यावर मोज्याने किती सोसावं याची त्यातली किमान अट आहे १०० अंशांची वस्तू आणि १५ सेकंद. इतकीच. काळ्या पण ५०० अंशांवर असलेल्या प्लेटपुढे ही अट अगदीच तोकडी पडते. मोजा असतो तो ठिणग्या, उडणारं स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब), आर्कची धग, अतिनील किरण आणि चुकून लागणारा चटका यांच्यासाठी. जॉब उचलायला पक्कड, सांडशी किंवा लॉकिंग प्लायर. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी हाताला लागली तर मोजेही जास्त दिवस टिकतात आणि बोटंही.

वेल्डिंग कोणतं, त्यावर मोजा कोणता

सगळ्या कामांना चालेल असा एक मोजा नसतो. ज्याने हात जास्त झाकला जातो त्याने बोटं कमी हलतात, आणि ज्याने बोटं छान हलतात त्यातून धग लवकर आत येते. ईएन १२४७७ मध्येही म्हणून दोन प्रकार केलेले आहेत. प्रकार ए म्हणजे जाड, जास्त संरक्षण देणारा. प्रकार बी म्हणजे पातळ, बोटांना मोकळीक देणारा, मुख्यतः टिगसाठी (आर्गन वेल्डिंगसाठी). मोज्याच्या मनगटावरच्या छापात १२४७७ च्या पुढे ए किंवा बी लिहिलेलं असतं. काहींवर दोन्ही असतं.

रॉडचं वेल्डिंग, म्हणजे साधं आर्क वेल्डिंग, यात स्पॅटर भरपूर. २.५ मिलिमीटरचा रॉड साधारण ७० ते ९० अँपिअरवर चालतो, ३.१५ चा १०० ते १३० वर. शिकणाऱ्याची आर्क लांब पडते, त्यामुळे स्पॅटर आणखी वाढतं. शिवाय स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारा कवचासारखा थर, गार होताना तडकून उडतो; स्टेनलेसच्या रॉडचा तर हातोडी न मारताच उसळतो. इथे गाईच्या कातड्याचा स्प्लिट लेदरचा मोजा घ्यावा. स्प्लिट म्हणजे कातड्याचा वरचा गुळगुळीत थर काढून घेतल्यावर उरणारा आतला थर. दोन्ही बाजूंनी मखमलीसारखा खरखरीत असतो, धग आणि ठिणग्या चांगल्या सोसतो. आत सुती अस्तर हवं, आणि बोटाच्या टोकापासून मनगटपट्टीच्या काठापर्यंत लांबी ३५ ते ४० सेंटिमीटर. म्हणजे अर्धा हात झाकला जातो.

मिगचं, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत सीओटूचं काम वेगळं. इथे गनचा ट्रिगर सतत दाबायचा असतो, तर्जनी आखडली की बीड, म्हणजे वेल्डची रेघ, वाकडं जातं. पातळ पत्र्याचं काम ०.८ मिलिमीटरच्या वायरने १०० अँपिअरच्या आगेमागे चालतं. तिथे मध्यम जाडीचा मोजा पुरतो, तळव्याला ग्रेन लेदर (कातड्याचा वरचा गुळगुळीत थर) आणि पाठीला स्प्लिट असा जोड असला तर उत्तम. २०० अँपिअरच्या पुढे मात्र धग हाताच्या पाठीवर येते, तळव्यावर नाही. अशा कामासाठी पाठीवर जादा थर किंवा चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा असलेले मोजे मिळतात. पट्टा सुटा मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण रोजच्या कामात तो लागत नाही.

टिगमध्ये, म्हणजे आर्गन वेल्डिंगमध्ये, स्पॅटर जवळजवळ नसतंच. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताची बोटं १.६ किंवा २.४ मिलिमीटरची फिलर वायर पुढे सरकवत असतात. इथे जाड मोजा घातला की फिलर बोटांत फिरत नाही, ती टॉर्चमधल्या टंगस्टनच्या काडीला टेकते, टंगस्टन घासायला न्यावं लागतं, आणि शिकणारा स्वतःलाच बोल लावत बसतो. शेळीचं किंवा हरणाचं ग्रेन लेदर, बिनअस्तराचं, लहान किंवा मध्यम मनगटपट्टीचं, हा टिगचा मोजा. शेळीचं कातडं पातळ असून चिवट असतं. हरणाचं त्याहून मऊ असतं आणि घामाने भिजून वाळलं तरी फारसं कडक होत नाही, पण झिजतं लवकर.

टिगमध्ये ठिणग्या नाहीत म्हणून उघड्या हाताने टाके मारणारे लोक दिसतात. तसं करू नये. टिगच्या आर्कभोवती धूर नसतो, त्यामुळे अतिनील किरण अडवायला काहीच नसतं. त्यात जॉब अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा असेल तर ते परावर्तित होऊन खालूनही येतात. कातडी त्या वेळी काहीच सांगत नाही. काही तासांनी मनगट लाल होतं, चुरचुरतं आणि दोन दिवसांनी साल निघते.

गॅस वेल्डिंग आणि ब्रेझिंगला मिगसारखा मध्यम मोजा चालतो. गॅस कटिंगला रॉडचा जाड मोजा घालावा, कारण वितळलेलं लोखंड खाली पडून उसळतं. गॅसच्या कामात एक गोष्ट कडकपणे पाळायची: तेल किंवा ग्रीस लागलेल्या मोज्याने ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा नळी हाताळायची नाही. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. म्हणून गाडीच्या किंवा मशिनच्या दुरुस्तीचे मोजे आणि गॅसचे मोजे कायम वेगळे.

विकत घेताना काय बघायचं

आधी काय घ्यायचं नाही ते. विणलेल्या कापडावर रबर, नायट्राइल किंवा पीयूचा थर दिलेले मोजे वेल्डिंगला अजिबात नकोत. सामान उचलायला ते छान असतात, पण स्पॅटरचा थेंब पडला की थर वितळतो आणि कातडीला चिकटतो. असा भाजलेला डाग साध्या भाजण्यापेक्षा खोल जातो. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या मोज्यांचंही तेच, ती वितळतात अडीचशे अंशांच्या आसपास. ठिपक्याठिपक्यांचे सुती मोजे वितळत नाहीत, जळतात.

चामडं क्रोम टॅनिंगचं असावं. वेल्डिंगचे बहुतेक मोजे तसेच असतात. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं चामडं उष्णतेने त्यापेक्षा लवकर आक्रसतं. क्रोमची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींच्या हातांना अशा मोज्यांनी खाज सुटते किंवा पुरळ येतं. त्यांनी आत पातळ सुती मोजा घालावा, तरी थांबलं नाही तर क्रोमशिवाय कमावलेल्या चामड्याचा मोजा शोधावा.

नंतर शिवण. मोजा चामड्याआधी शिवणीत जातो. दोरा केवलारसारख्या अ‍ॅरामिडचा असायला हवा. अ‍ॅरामिड वितळत नाही, फार तापल्यावर कोळपतो. सुती दोरा ठिणगीने जळतो, नायलॉनचा वितळून उसवतो. अ‍ॅरामिडचा मूळ रंग सोनेरी पिवळा, पण पिवळा दिसला म्हणजे अ‍ॅरामिडच असं धरून चालू नये. पिवळ्या रंगाचं पॉलिएस्टरही असतं. लेबलवर लिहिलेलं वाचावं. शिवणीच्या रेषेवर चामड्याची बारीक पट्टी दाबून घेतलेली असेल तर ठिणगी थेट दोऱ्यावर बसत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात चामड्याचा जादा तुकडा आहे का, तेही बघा. होल्डर आणि गन दोन्ही तिथेच घासतात.

अस्तर उलटून पाहता येत नसेल तर आत बोट घालून चाचपा. सुती फ्लीस चांगलं. काही जाड मोज्यांत तळव्याला अस्तर आणि पाठीला फोम असतो, रॉडच्या कामाला तो जोड बरा पडतो. अस्तर पूर्ण पॉलिएस्टरचं असेल तर मोजा ठेवून द्या. चामडं फार तापलं तर ते आतून वितळून हाताला चिकटण्याचा धोका असतो.

छापातले आकडे बघून गोंधळून जायला नको. हातोड्याच्या चित्राखाली ईएन ३८८ चे आकडे असतात. पहिले चार अनुक्रमे घासणं, कापणं, फाटणं आणि टोचणं यांचे, आणि आकडा मोठा तितकं बरं. ज्वाळेच्या चित्राखाली ईएन ४०७ चे सहा: पेट घेणं, तापलेल्या वस्तूचा स्पर्श, हवेतून येणारी उष्णता, किरणांतून येणारी उष्णता, वितळलेल्या धातूचे बारीक थेंब, आणि वितळलेल्या धातूचा मोठा ओघ. वेल्डिंगसाठी यातले दोन आधी बघा. दुसरा, म्हणजे स्पर्शाचा: १ म्हणजे १०० अंश, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५०, ४ म्हणजे ५००, सगळीकडे १५ सेकंद. आणि पाचवा, बारीक थेंबांचा. प्रकार ए च्या मोज्याला तो किमान ३ हवा, प्रकार बी ला किमान २. आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी केलेली नाही.

माप

उजव्या हाताच्या तळव्याभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाजवळ फीत गुंडाळा. घेर २०३ मिलिमीटर आला तर माप ८, २२९ आला तर ९, २५४ आला तर १०. थोडक्यात, इंचांत जितका घेर तितकं माप. मधलं कुठलं आलं तर रॉडसाठी वरचं घ्या, टिगसाठी खालचं.

यामागे कारण आहे. रॉडचा मोजा हात झटकला की निघून पडला पाहिजे. मनगटातून ठिणगी आत गेली किंवा चामडं एकाएकी तापलं, तर दुसऱ्या हाताने बोट बोट ओढत काढायला वेळ नसतो. टिगचा मोजा उलट अंगासरशी हवा. बोटांच्या टोकाला रिकामं चामडं लोंबत असेल तर फिलर पकडताना तेच दुमडतं.

घालून बघताना नुसती मूठ उघडमीट करून भागत नाही. टेबलावर सपाट पडलेला २.५ मिलिमीटरचा रॉड उचलून पाहा. तो हाताच्या कुशीत धरून दोन बोटांनी पुढे सरकवा. मिगसाठी घेत असाल तर ट्रिगर दाबल्यासारखं तर्जनीचं टोक दहावीस वेळा वाकवा. नवा स्प्लिट लेदरचा मोजा ताठ असतो आणि पहिले काही तास ताठच राहतो, ते धरून चालायचं. पण बोटांमधल्या शिवणी टोचत असतील तर त्या पुढेही टोचतच राहतात.

शिकणाऱ्याने सर्वांत जाड मोजा घेऊ नये. जाड मोज्यात होल्डर नीट जाणवत नाही, म्हणून तो घट्ट आवळला जातो. आवळलेली मूठ पाच मिनिटांत थकते आणि थरथरायला लागते. थरथरणारा हात रॉड चिकटवतो. रॉड शिकायला मध्यम जाडीचा, सुती अस्तराचा प्रकार ए चा मोजा पुरेसा आहे. शक्य असेल तर त्याच मापाची दुसरी जोडी जवळ ठेवा. पहिली घामाने ओली झाली की बदलायला.

बाही आणि मोजा यांच्यामधली फट

ठिणग्यांनी तळवा आणि बोटं क्वचित भाजतात. डाग पडतात ते मनगटावर, बाही आणि मोज्याच्या मध्ये दोन बोटं कातडी उघडी राहते तिथे.

बाही मोज्यावर की मोजा बाहीवर, हे हात कुठे आहे त्यावर ठरतं. कौलं जशी वरचं कौल खालच्यावर येईल अशी रचतात, तसा विचार करा. हात खाली ठेवून टेबलावर वेल्ड करताना मोज्याचं तोंड वर, कोपराकडे असतं. उसळलेली ठिणगी सरळ त्यात पडते. तेव्हा लहान मनगटपट्टीचा मोजा बाहीच्या आत घ्यावा. रुंद पट्टीचा मोजा आत जात नाही. मग बाहीचं बटण घट्ट लावून ती आत ठेवावी, म्हणजे ठिणगी आली तरी कातडीपर्यंत पोचत नाही. डोक्यावर वेल्ड करताना गणित उलटतं. हात वर, मोज्याचं तोंड खाली. आता मोजा बाहीवर हवा, म्हणजे ठिणग्या त्यावरून घरंगळून खाली जातात. इथे बाही वर घेतली तर तीच पिशवीसारखी ठिणग्या गोळा करते.

बाही जाड सुती किंवा लोकरीची, दुमडलेली नको. दुमडीत स्पॅटर अडकतं आणि धुमसत राहतं. डोक्यावरच्या किंवा उभ्या कामासाठी चामड्याच्या सुट्या बाह्या मिळतात, मनगटापासून दंडापर्यंतच्या; अशा कामाला त्या घालाव्यातच.

हात कुठे ठेवायचा

नवा रॉड ३५० मिलिमीटरचा असतो, म्हणून सुरुवातीला होल्डरचा हात आर्कपासून लांब असतो. रॉड जळत जातो तसा हात जवळ येतो. शेवटच्या तिसऱ्या भागात धग एकदम वाढल्यासारखी वाटते ती त्यामुळे. साधारण ५० मिलिमीटर उरला की थांबा. उरलेला तुकडा पत्र्याच्या डब्यात टाका, जमिनीवर नाही. पुढच्या वेळी जमिनीवर गुडघा किंवा हात टेकवाल तेव्हा तो तुकडा तिथेच असतो.

दुसऱ्या हाताने रॉडला आधार द्यायचा मोह शिकताना होतो. त्यापेक्षा होल्डरच्या हाताचं मनगट किंवा कोपर टेकवायला काही शोधा: विटेचा तुकडा, लाकडी ठोकळा, व्हाइसचा जबडा. टेकवायची जागा आधी सुकी धाव घेऊन तपासा, म्हणजे आर्क न पाडता रॉड पूर्ण जॉइंटवरून फिरवून बघा. मनगट कुठे अडतं, आणि पहिल्या पासनंतर तापणाऱ्या पट्टीवर तर टेकत नाही ना, हे त्यातच कळतं.

टिगमध्ये टॉर्चच्या हाताची करंगळी जॉबवर टेकवून सरकवतात. लांब बीड असेल तर ती जागा तापते, आणि पातळ मोज्यातून चटका बसला की हात दचकतो. त्यासाठी काचतंतूची छोटी टोपी मिळते, करंगळी आणि अनामिकेवर मोज्यावरूनच घालायची. फिलरची वायर टोकापर्यंत वापरायला जाऊ नका. वीतभर उरली की बोटं आर्कजवळ येतात. तापलेलं टोक कुठलं हेही विसरायला होतं, म्हणून फिलरचं मागचं टोक वाकवून ठेवावं. वाकडं ते गार, सरळ ते तापलेलं.

मिगमध्ये एक वेगळाच अपघात होतो. वायर गनमधून बाहेर येते का बघायला नोझलसमोर तळवा धरला जातो आणि ट्रिगर दाबला जातो. ०.८ मिलिमीटरची वायर चामड्यातून आरपार जाते, बोटातूनही. वायर ओवताना गनचं तोंड शरीरापासून लांब, रिकाम्या जागेकडे.

गरम आहे की नाही हे कसं ओळखायचं

बघून ओळखता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत तर मुळीच नाही. ते ६६० अंशांला वितळतं आणि तोवर लालही होत नाही. चांदीसारखं चकाकणारं अ‍ॅल्युमिनियम वितळण्याच्या बेतात असू शकतं. शिवाय ते उष्णता झटकन पसरवतं, त्यामुळे वेल्डपासून वीतभर लांबचं टोकही चटका देतं. तांब्याचंही तसंच. स्टेनलेसचा स्वभाव उलटा: उष्णता पसरतच नाही, टोक गार असतं आणि वेल्डजवळचा भाग बराच वेळ तापलेला राहतो.

मोजा काढून हाताची पाठ जॉबपासून चार बोटं लांब धरा, हळूहळू जवळ आणा. धग लागली की थांबा. पाठच का, तर चटका बसला तर बोटं आपोआप आत वळतात आणि हात दूर जातो. तळव्याने वस्तू पकडली जाण्याची भीती असते, आणि तळवा भाजला तर सगळंच काम बंद. इन्फ्रारेड थर्मामीटरवर चकचकीत धातूच्या बाबतीत भरवसा ठेवू नये, तो खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतो. आणि जॉब सोडून कुठे जायचं असेल तर खडूने त्यावर ‘गरम’ लिहून जा. शिकणारे एकापेक्षा जास्त असतील तिथे दुसऱ्याचा हात आपल्या जॉबवर पडतो.

ओला मोजा आणि शॉक

रॉडच्या मशिनच्या दोन टोकांमध्ये आर्क चालू नसताना साधारण ६० ते ९० व्होल्ट असतात. कोरड्या मोज्यातून हे जाणवतही नाही. घामाने भिजलेल्या मोज्यातून जाणवतं, आणि आपण ओल्या जमिनीवर उभे असू किंवा लोखंडी जॉबला टेकलेलो असू तर जिवावर बेतू शकतं. ईएन १२४७७ प्रमाणे आर्क वेल्डिंगच्या मोज्याचा विद्युत रोध १ लाख ओहमपेक्षा जास्त हवा, पण तो नव्या, कोरड्या मोज्याचा. आणि हा मोजा म्हणजे वायरमनचा रबरी मोजा नव्हे. मशिनच्या मेन लाइनला तो घालून हात लावायचा नाही.

तेव्हा रॉड बदलताना दोन्ही हातांत मोजे हवेत, आणि कोरडे. रॉड बदलायला उजवा मोजा काढून बोटांनी चिमटीत बसवणं ही अगदी नेहमीची आणि अगदी चुकीची सवय आहे. होल्डर काखेत धरू नका. तापलेला होल्डर पाण्यात बुडवून गार करू नका. टिगमध्ये हाय फ्रिक्वेन्सीने आर्क सुरू होते, तेव्हा ओल्या किंवा भोक पडलेल्या मोज्यातून टाचणी टोचल्यासारखा झटका बसतो. तो बसला तर मोजा बदलायची वेळ झाली आहे.

ओल्या मोज्याचा दुसरा त्रास वाफेचा. ओलं चामडं तापलं की आत वाफ होते, आणि ती कोरड्या चामड्यापेक्षा फार लवकर हाताला पोचते.

अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काम सुरू करण्याआधी काढून ठेवा, मोज्याच्या आत असलं तरी. अंगठी एका बाजूने होल्डरला आणि दुसऱ्या बाजूने जॉबला लागली तर व्होल्टेज कमी असूनही तिच्यातून शेकडो अँपिअर जातात आणि ती क्षणात लाल होते.

ग्राइंडर आणि ड्रिल

वेल्डिंगचा मोजा घालूनच लोक पुढची कामंही उरकतात. इथे दोन नियम वेगवेगळे आहेत. उभं ड्रिल मशिन, लेथ, असं फिरणारं उघडं टोक असेल तिथे कोणताच मोजा नको. फिरत्या ड्रिलने मोज्याची कड पकडली तर हात सुटत नाही, चामडं जितकं मजबूत तितकं वाईट. अँगल ग्राइंडरला मात्र ठिणग्या आणि धारेपासून मोजा लागतो, पण अंगासरशी आणि आखूड. रॉडचा रुंद मनगटपट्टीचा ढगळ मोजा ग्राइंडरला चालत नाही, विशेषतः वायरचा कप ब्रश लावलेला असताना. त्याच्या तारा चामड्यात गुंततात. गार्ड लावलेला, दोन्ही हात हँडलवर, चाक थांबेपर्यंत ग्राइंडर खाली ठेवायचा नाही. जुना टिगचा मोजा या कामाला फार छान पडतो.

कापलेल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. वेल्डिंगचं चामडं कापण्याला फारसं टिकत नाही, म्हणून पत्रा लावण्याआधी कडेवरून कानस फिरवून घ्या.

स्टेनलेसचं वेल्ड पिकलिंग पेस्टने साफ करताना चामड्याचा मोजा काढून ठेवा. त्या पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते चामड्यात मुरतं आणि कातडीवर धरून ठेवलं जातं. तिथे आम्ल सोसणारा लांब रबरी किंवा निओप्रीनचा मोजा, आणि आम्ल कातडीला लागलंच तर लावायला जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल.

मोजे राखणं

दिवस संपला की मोजे झटकून, वायर ब्रशने नाही, साध्या ताठ ब्रशने पुसून, तोंड खाली करून सावलीत टांगा. हिटरवर, मशिनवर किंवा तापलेल्या जॉबवर वाळवलेलं चामडं आक्रसतं आणि पापडासारखं होतं. धुऊ नका. तेल चोळून मऊ करायचा प्रयत्नही नको, तेलाने मोजा पेटायला सोपा होतो.

आठवड्यातून एकदा मोजा उजेडाकडे धरून आतून बघा. भोक असेल तर प्रकाशाचा ठिपका दिसतो. बोटांमधल्या शिवणी दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. तळव्याचं चामडं एखाद्या जागी कडक, चकचकीत आणि तपकिरी झालं असेल तर तिथे कुणीतरी तापलेला जॉब उचललेला आहे. ती जागा आता उष्णता अडवत नाही आणि वाकली की तडकते. कडक डाग, भोक, उसवलेली शिवण किंवा बाहेर आलेलं अस्तर, यातलं एक जरी दिसलं तरी मोजा वेल्डिंगसाठी बाद. दोन्ही हात सारखे झिजत नाहीत, म्हणून धड राहिलेला मोजा ठेवून द्या. पुढच्या जोडीतला त्याच हाताचा मोजा आधी गेला तर तो कामी येतो.

भाजलंच तर

मोजा लगेच काढा. तापलेलं चामडं आतून भाजतच राहतं. वितळून चिकटलेलं काही असेल तर ते ओढून काढू नका. हात वाहत्या गार पाण्याखाली धरा, पूर्ण २० मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांनी आग थांबल्यासारखी वाटते आणि हात बाहेर काढला जातो, पण खालच्या थरात उष्णता अजून असते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल किंवा तूपही नको. हाताला काही घातलेलं राहिलं असेल तर सूज चढायच्या आत काढा. फोड फोडू नका. स्वच्छ, न चिकटणारं कापड किंवा स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म सैल ठेवून झाका.

बोटांच्या सांध्यावरचं, तळव्यावरचं किंवा बोटाला गोल वेढा घातलेलं भाजणं लहान दिसलं तरी डॉक्टरला दाखवा. बरं होताना तिथली कातडी आक्रसते आणि बोट पूर्ण उघडत नाही. पांढरी पडलेली किंवा कोळपलेली कातडी, जिथे दुखतच नाही, ती सर्वांत खोल भाजलेली असते. शॉक बसून भाजलं असेल तर डाग टिकलीएवढा असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा, कारण विजेने केलेली इजा कातडीच्या आत असते. मिगची वायर बोटात घुसली असेल तर वरून छोटं भोक दिसतं, तरी आत वायरचा तुकडा राहिला आहे का ते एक्स-रे काढून बघावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, हेही डॉक्टर विचारतील.